एज्युकेशन अ‍ॅप खरंच शिकवतं की नुसतं चकचकतं, हे कसं ओळखायचं

शाळेत डेमो द्यायला येणारा माणूस कधीच चुकीचं उत्तर देत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? तो प्रोजेक्टर लावतो, गणिताचं एखादं प्रकरण उघडतो, प्रश्न येतो, तो बरोबर पर्यायावर टिचकी मारतो, टाळ्या वाजतात, स्टार उडतात, एखादं माकड नाचतं, आणि मागे बसलेले सर-मॅडम आणि शाळा व्यवस्थापन समितीचे मेंबर म्हणतात, वा, मुलांना मजा येईल. मग थेट रेटवर गाडी येते. पण ज्या मुलाला आधीच येतंय त्याला अ‍ॅपची गरज मुळात कमी. ज्याला येत नाही ते मूल चुकणार, सारखं चुकणार, आणि ते चुकल्यावर पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत स्क्रीनवर काय होतं, अख्ख्या सॉफ्टवेअरची क्वालिटी माझ्या मते तिथे उघडी पडते. ग्राफिक्स, आवाज, 'एआय पॉवर्ड'ची पाटी हे सगळं नंतर बघा.

म्हणून डेमोच्या वेळी टॅब आपल्या हातात मागून घ्यायचा आणि मुद्दाम चुकायचं. पण कसंही चुकून उपयोग नाही, मुलं जशी चुकतात तसं चुकायचं. म्हणजे काय ते एका उदाहरणात नीट बघू, कारण सगळी गोम यातच आहे.

दशांश अपूर्णांक नुकतेच शिकलेल्या मुलाला विचारा, ०.५ मोठा की ०.४५? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, का तर ४५ हे ५ पेक्षा मोठे. आता हा काही आळस नाही की धांदरटपणा नाही. त्याच्या डोक्यात एक नियम बसलाय, पॉइंटच्या पुढे ज्याचा आकडा मोठा ती संख्या मोठी, आणि तो नियम ते मूल अगदी प्रामाणिकपणे लावतंय. पूर्ण संख्यांना तो नियम चालतच होता ना, मग इथे का नाही चालणार?

आता अ‍ॅप काय करतं बघा. एका प्रकारचं अ‍ॅप लाल फुली दाखवतं, 'चुकीचं उत्तर, पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं, पर्याय दोनच असल्यामुळे मूल दुसऱ्यावर टिचकी मारतं, हिरवं होतं, कॉइन मिळतो, पुढचा प्रश्न. मूल काय शिकलं? पहिलं नाही तर दुसरं दाबायचं. दुसऱ्या प्रकारचं अ‍ॅप बरोबर उत्तर सांगून टाकतं आणि वर दोन मिनिटांचा व्हिडिओ चिकटवतं, जो सगळ्यांना सारखाच, म्हणजे तुम्ही कुठे अडलात याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तिसऱ्या प्रकारचं, जे मिळायला जरा दुर्मीळ, ते ० ते १ ची संख्यारेषा काढतं, तिचे दहा भाग करतं, मुलाला ०.५ कुठे ते दाखवायला लावतं, मग ०.४, मग ०.४ आणि ०.५ च्या मधली जागा मोठी करून तिथे ०.४५ ठेवायला लावतं, आणि आता परत विचारतं मोठा कोणता. आणि एवढ्यावर सोडत नाही, चार प्रश्नांनंतर हळूच ०.७ आणि ०.२५ पुढे टाकतं, म्हणजे तो जुना नियम खरंच गेला की नुसता दबून बसलाय ते कळावं.

यात अजून एक गंमत आहे जी सहसा कोणी बघत नाही. समजा अ‍ॅपच्या टेस्टमध्ये असे प्रश्न आहेत: ०.३५ आणि ०.६२ मधला मोठा कोणता, ०.१८ आणि ०.४४ मधला, ०.७ आणि ०.९ मधला. तो चुकीचा नियम लावून बघा. सगळी उत्तरं बरोबर येतात! दहापैकी दहा. डॅशबोर्डवर त्या मुलाच्या नावापुढे हिरवा ठिपका, 'प्रकरण पूर्ण', पालकांना अभिनंदनाचा मेसेज. आणि मूल जिथे होतं तिथेच आहे. म्हणजे प्रश्नच असे निवडलेत की गैरसमज दिसूच नये, बहुतेक वेळा मुद्दाम नाही, कोणीतरी घाईघाईत हजारो प्रश्नांची प्रश्नपेढी भरलीय म्हणून. 'आमच्याकडे ५० हजार प्रश्न आहेत' असं कोणी सांगितलं की मी तरी आधी एका घटकाचे वीस प्रश्न काढून दाखवा म्हणेन. वर्गात मुलं कुठे घसरतात हे शिक्षकांना कुठल्याही एक्स्पर्टपेक्षा जास्त माहीत असतं, त्यामुळे ही तपासणी शिक्षकांनीच करावी, फार वेळ लागत नाही.

डॅशबोर्डचंही तेच. 'प्रगती ७८ टक्के' हा आकडा कसला असतो ते विचारा, अनेकदा तो किती व्हिडिओ शेवटपर्यंत चालले याचा असतो, व्हिडिओ चालू ठेवून मूल खाली खेळायला गेलं तरी टक्के वाढतात. शिक्षकाला उपयोग कशाचा? 'सात मुलं पॉइंटच्या पुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतायत, ही त्यांची नावं' असं काहीतरी सांगितलं तर उद्याच्या तासाला काय करायचं ते ठरवता येतं.

आता मराठीचा विषय, कारण 'अ‍ॅप मराठीत उपलब्ध' या वाक्यात बरंच काही लपवलं जातं. अपूर्णांकाच्या प्रकरणात जाऊन बघा, तिथे 'भिन्न' किंवा 'दशमलव' दिसलं की समजा माल हिंदीतून आलाय, वरवर पुसून मराठी केलाय. बालभारतीच्या पुस्तकात मूल लसावि-मसावि शिकतं आणि अ‍ॅप भलतंच काही म्हणतं, मग मुलाला वाटतं हा वेगळाच धडा आहे. पण शब्दांपेक्षा मोठी गोष्ट ही की चुकासुद्धा भाषेप्रमाणे बदलतात. एकोणसत्तर ऐकून मराठी मूल ७९ लिहितं, कारण कानाला 'सत्तर' ऐकू आलं. इंग्रजीत बनवून नंतर भाषांतर केलेल्या अ‍ॅपला ही चूक माहीतच नसते, इंग्रजीत ती होण्याचं कारणच नाही ना. ही अडचण किती खरी आहे ते २०१९ मध्ये दिसलं होतं, बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' अशी वाचायची पद्धत दिली आणि राज्यभर केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. पद्धत आवडो न आवडो, मुलं तिथे अडखळतात एवढं तरी पुस्तक करणाऱ्या कमिटीला ठाऊक होतं. त्यामुळे पहिली-दुसरीचं मराठी अ‍ॅप तपासताना एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी एवढं तरी टाकून बघाच. आणि जोडाक्षरं स्क्रीनवर फुटतायत का, आवाज माणसाचा आहे की मशीनचा, मशीनचा असेल तर 'च' आणि 'ज' नीट उच्चारतो का, तेही.

'पण मूल तासभर हलत नाही हो त्याच्यासमोरून' हे वाक्य आई-बाबांकडून फार ऐकायला मिळतं. रील्स समोरूनही हलत नाही. बसणं वेगळं आणि शिकणं वेगळं. एक साधी गोष्ट करा, मुलाच्या शेजारी कागद घेऊन दहा मिनिटं बसा आणि मुलाला खरोखर डोकं चालवावं लागलं की एक रेघ ओढा. कॉइन मोजणं, अवतारला टोपी घालणं, जाहिरात संपायची वाट बघणं, याला रेघ नाही. काही अ‍ॅप्समध्ये दहा मिनिटांत पाच रेघासुद्धा होत नाहीत. लहान मुलांच्या गोष्टींच्या अ‍ॅपमध्ये तर चित्रातल्या प्रत्येक वस्तूला हात लावला की ती उडी मारते, मूल उड्या मारायला लावतं आणि गोष्ट राहते बाजूला. २०१५ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी शिकण्यावरचं आधीचं संशोधन एकत्र करून मुलांच्या अ‍ॅपसाठी चार गोष्टी बघायला सांगितल्या होत्या: मूल डोक्याने सक्रिय आहे का, लक्ष विचलित न होता गुंतलंय का, जे चाललंय त्याचा त्याच्या जगण्याशी काही संबंध लागतो का, आणि दुसऱ्या माणसाशी बोलायला काही वाव आहे का. चौथी गोष्ट जवळपास सगळीकडे गायब असते.

सगळ्याच साधनांमध्ये बरोबर-चूक असतं असंही नाही. फेट नावाची विज्ञानाची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, आहेत, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलेली, फुकट आहेत, बरीचशी मराठीतही आहेत. तिथल्या एकात विजेचं सर्किट जोडायचं असतं, वायर नुसती बॅटरीच्या एका टोकातून दुसऱ्या टोकाला लावली की स्क्रीनवर बॅटरीतून ज्वाळा येतात. कोणी चूक म्हणत नाही, मार्क कापत नाही, पण काय झालं ते मुलाला दिसतं आणि ते वायर काढून दुसरीकडे लावतं. हे लोक सिम्युलेशन बनवताना विद्यार्थ्यांना समोर बसवतात, मोठ्याने विचार करत वापरायला सांगतात आणि ते कुठे गोंधळतात ते बघून बदल करतात. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरचंही तसंच, त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढा आणि कोनांची बेरीज १८० वरून हलते का बघा. अशा साधनांना विचारायचा प्रश्न असा की मुलाने काही बदललं तर त्याचा परिणाम लगेच आणि खरा दिसतो का.

आता कंपन्या पुरावा म्हणून जे दाखवतात त्याकडे येऊ. '९२ टक्के पालक समाधानी', 'रोज वापरणाऱ्या मुलांचे मार्क २० टक्क्यांनी वाढले' या टाइपचं. रोज सकाळी सहाला ग्राउंडवर पळायला येणारी माणसं तब्येतीने ठणठणीत असतात, पण त्यातली बरीच आधीपासूनच ठणठणीत असतात म्हणून तर पळायला येतात. रोज न चुकता अ‍ॅप वापरणारं मूल तसंच असतं, घरी कोणीतरी मागे लागणारं असतं, टॅब असतो, नेट असतं, ते अ‍ॅपशिवायही पुढेच गेलं असतं कदाचित. म्हणून खरी तुलना करायची तर इच्छुक मुलांमध्ये चिठ्ठ्या टाकायच्या, अर्ध्यांना सॉफ्टवेअर द्यायचं, अर्ध्यांना नाही, आणि नंतर दोघांना एकच पेपर द्यायचा, जो कंपनीने काढलेला नाही. चिठ्ठ्यांमुळे दोन्ही गट सरासरी सारखे असतात, मग जो फरक दिसेल तो सॉफ्टवेअरचा म्हणता येतो.

असं किती जण करतात? युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात ब्रिटनमधल्या एज्युकेशन टेक कंपन्यांचा आकडा दिलाय, अशी चिठ्ठ्यांची चाचणी केलेल्या फक्त ७ टक्के. मग आपल्याकडच्या गल्लीतल्या स्टार्टअपकडून काय अपेक्षा ठेवणार.

पण भारतात ज्या मोजक्या चाचण्या झाल्यात त्या फार बोलक्या आहेत. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका कॉम्प्युटरवर दोघं, असे गणिताचे खेळ दिले होते, गणितात चांगलीच वाढ झाली, अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांच्या टीमचा हा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. पण कार्यक्रम बंद झाल्यावर वर्षभराने परत बघितलं तर फायद्याचा बराचसा भाग विरून गेला होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. मग त्याच टीममधल्या ली लिंडन यांनी गुजरातमध्येच दुसऱ्या एका संस्थेच्या शाळांमध्ये वेगळीच गोष्ट बघितली. काही ठिकाणी सॉफ्टवेअर शाळेच्या वेळात, म्हणजे बाईंच्या शिकवण्याच्या जागी दिलं, आणि काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून. जिथे जादा दिलं तिथे मुलं पुढे गेली, आणि जिथे बाईंचा तास काढून दिलं तिथे मुलं अ‍ॅप न मिळालेल्यांपेक्षा चक्क मागे पडली, आणि थोडीथोडकी नाही. त्या शाळांमध्ये बाई मुळात चांगल्या शिकवत होत्या, तोच तास गेला! म्हणजे 'हे सॉफ्टवेअर चांगलं आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे, ते कशाच्या जागी येतंय हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. वेळापत्रकात स्मार्ट क्लासचा तास घालताना कुठला तास कापला हे एकदा बघा.

दिल्लीतला माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरचा अभ्यास तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरकारी शाळांमधली सहावी ते नववीची मुलं, शाळा सुटल्यावर सेंटरवर यायची, ४५ मिनिटं सॉफ्टवेअर आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणारा माणूस. आधी चाचणी घेतली तर सहावीतलं सरासरी मूल गणितात साधारण अडीच इयत्ता मागे. म्हणजे वर्गात सहावीचं पुस्तक चालू आहे आणि मूल आहे तिसरी-चौथीत. सॉफ्टवेअरने काय केलं, तर मूल जिथे आहे तिथून सुरुवात केली, इयत्ता कुठली का असेना. साडेचार महिन्यांनी, चिठ्ठी लागलेल्या गटाने गणितात एवढी उडी घेतली की समजा १०० मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये उभं असलेलं मूल अंदाजे १४ जणांना ओलांडून पुढे गेलं. हिंदीतही वाढ झाली. पण शाळेच्या गणिताच्या परीक्षेत म्हणावा असा फरक दिसला नाही, कारण परीक्षा सहावीची आणि मूल आत्ता चौथीपर्यंत पोचलेलं! म्हणून घाईघाईने सहामाहीचे मार्क बघून अ‍ॅप बेकार ठरवणंही चूक. आणि हो, त्यात ४५ मिनिटं माणूस पण होता, सगळं श्रेय स्क्रीनला देता येणार नाही.

उलट बाजूही बघा. 'दर मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेत पेरू देशाने खेड्यापाड्यांत लाखो लॅपटॉप वाटले, ३०० पेक्षा जास्त शाळांचा अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये निकाल आला, गणित आणि भाषेत काहीच फरक नाही. त्याच मोहिमेचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये आपल्याकडे कर्जतजवळच्या खैरात गावच्या शाळेत झाला होता. यंत्र हातात देणं आणि शिकवणं यात बरंच अंतर आहे, तरी अजूनही टॅब वाटपाचे फोटोच पेपरात येतात.

चॅटबॉटवाल्या ट्यूटरची सध्या चलती आहे, तर त्याबद्दल एकच. तुर्कस्तानात जवळजवळ हजार हायस्कूल विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. एका गटाला साधा चॅटबॉट दिला, सरावात त्यांची उत्तरं ४८ टक्क्यांनी सुधारली. मग चॅटबॉट काढून परीक्षा घेतली तर तो गट, ज्यांना चॅटबॉट कधी दिलाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी खाली. दुसऱ्या गटाचा चॅटबॉट उत्तर सांगत नव्हता, फक्त शिक्षकांनी ठरवून दिलेले इशारे देत होता, तिथे हे नुकसान जवळपास झालं नाही. आलं ना परत तिथेच, मूल अडल्यावर ते काय करतं? त्यामुळे चॅटबॉट तपासताना 'मला नाही येत, सांग ना उत्तर' असं तीन-चार वेळा लाडीगोडीने टाइप करून बघा. मुलं तेच करणार आहेत.

बाकी थोडं पटापट. नेट गेल्यावर चालतं का हे ऑफिसच्या वायफायवर नाही, शाळेच्या आवारात बघा. गणिताच्या अ‍ॅपला लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्स कशाला लागतात ते विचारा, कारण २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संस्थेने कोविडच्या काळात सरकारांनी सुचवलेली दीडशेहून जास्त शैक्षणिक साधनं तपासली तेव्हा जवळपास ९० टक्क्यांमध्ये मुलांच्या माहितीचा कारभार धोक्याचा निघाला, आणि त्यात सरकारी साधनंही होती. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात १८ वर्षांखालचं कोणीही मूलच धरलंय आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय, म्हणजे शाळेला तुम्ही हा प्रश्न बिनधास्त विचारू शकता. आणि पाच वर्षांचं पॅकेज एकदम घेऊ नका, हप्त्यावर तर नकोच. एकेकाळी २२ अब्ज डॉलर किमतीची समजली जाणारी बायजूज २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, मग छोट्या कंपन्यांचं काय सांगावं, त्यामुळे कंपनी बंद पडली तर मुलांच्या कामाची नोंद आपल्याला काढून मिळते का हे आधीच लिहून घ्या.

आणि शाळेत दोन तुकड्या असतील तर छोटी चाचणी स्वतःच करता येते. तुकडीप्रमाणे नको, दोन्ही तुकड्यांतल्या मुलांच्या चिठ्ठ्या टाका, अर्ध्यांना शाळा सुटल्यावर अ‍ॅप, उरलेल्या अर्ध्यांना त्याच वेळात बाईंबरोबर साधा सराव, म्हणजे वेळ दोघांना सारखा. महिनाभर चालवा, मग अ‍ॅप पूर्ण बंद करून तीन आठवडे जाऊ द्या, वडोदऱ्याचं आठवतंय ना, आणि मग कागदावर पेपर घ्या, ज्यात ०.५ आणि ०.४५ सारखे प्रश्न असतील, अ‍ॅपमधले उचललेले नसतील. पन्नास-साठ मुलांवरून दोन-तीन मार्कांचा फरक आला तर त्याला फार अर्थ नाही, तो असाच नशिबानेही येऊ शकतो. त्यापेक्षा पेपर तपासताना कोणती चूक कोणत्या गटात किती मुलांनी केली याचा तक्ता करा, आणि सबस्क्रिप्शन पुढे चालू ठेवायचं का याच्या मीटिंगला सेल्सवाला त्याचं प्रेझेंटेशन उघडायच्या आत तो टेबलावर ठेवा.